आवेशाची किंमत कोणी मोजली? पुण्यातील एका मंडळीच्या तरुण संघाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पूर्व भागातील एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे प्रकरण घडले. त्यातील माणसे आजही याच शहरात राहतात आणि एकमेकांना भेटतात, म्हणून मंडळीचे किंवा कोणाचेही नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाळक (पास्टर), तरुण संघांचे मार्गदर्शक आणि शिष्यत्वाचे वर्ग घेणारे यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे. अशी प्रकरणे बहुतेक मंडळ्यांत या ना त्या रूपाने घडून गेलेली असतात आणि त्यांचा शेवट सहसा दोनपैकी एका प्रकारे होतो: तरुणाला घालवून दिले जाते, किंवा त्याला थंड केले जाते. हे दोन्ही शेवट मला अपयशच वाटतात.

प्रकरणातील तरुण तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मेकॅनिकल डिप्लोमा करून तो भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला लागला होता. वडील निवृत्त, घर वडगाव शेरीत, घराचा हप्ता चालू आणि धाकटी बहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिच्या पुढच्या वर्षाची फी आपण भरू, असा शब्द त्याने आईवडिलांना दिला होता. बाप्तिस्मा लहानपणी, दृढीकरण (मोठे झाल्यावर मंडळीसमोर केलेला विश्वासाचा स्वीकार) वेळेवर, रविवारची उपासना कधी चुकली नाही, पण त्यापलीकडे विश्वासाशी फारसा संबंधही नव्हता.

मे महिन्यात लोणावळ्याजवळ झालेल्या तरुणांच्या शिबिरात त्याचे आयुष्य पालटले. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो, कारण पुढे जे बिघडले त्यामुळे हा आरंभच खोटा होता असे काहींनी म्हटले आणि ते मला मान्य नाही. शिबिराहून परतल्यावर त्याने तंबाखू सोडली. कारखान्यातल्या ज्या सहकाऱ्याशी वर्षभर अबोला होता, त्याच्याकडे तो स्वतः गेला. मित्राकडून उसने घेतलेले आणि विसरल्यासारखे केलेले पैसे परत केले. दोन महिन्यांत त्याने संपूर्ण नवा करार वाचून काढला. ही फळे खरी होती आणि त्यांतली काही आजही टिकून आहेत.

रविवारी उपासनेत त्याने साक्ष दिली. मंडळीने टाळ्या वाजवल्या, ज्येष्ठांनी पाठ थोपटली, “अशी पोरं हवीत मंडळीला” असे म्हटले गेले आणि जून उजाडण्यापूर्वीच त्याच्याकडे तरुण संघाचे चिटणीसपद आले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, नवशिका नसावा, नाहीतर तो गर्वाने फुगेल, असे प्रेषित पौल बजावतो. मंडळीतल्या वडिलांना हे वचन ठाऊक होते. चिटणीसपद म्हणजे अध्यक्षपद नव्हे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले.

जून ते नोव्हेंबर

सुरुवातीला रोज पहाटे साडेचारला एका घराच्या गच्चीवर प्रार्थना सुरू झाली. मग दर शुक्रवारी फक्त पाण्यावर उपवास, मग दर बुधवारी रात्रभर प्रार्थना. संघातली निम्मी मुले चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारी होती. दुसरी पाळी संपवून मध्यरात्री थेट प्रार्थनेला येणाऱ्याचे सर्वांसमोर कौतुक होई आणि न येणाऱ्यासाठी, त्याचे नाव घेऊन, ‘कोमट’ (विश्वासात थंडावलेला) हा शब्द वापरून प्रार्थना केली जाई. सप्टेंबरमध्ये असाच एक मुलगा पहाटे परतताना नगर रस्त्यावर मोटारसायकलवर डुलकी लागून पडला आणि त्याचे खांद्याचे हाड मोडले. त्याची दीड महिन्याची मजुरी बुडाली. संघात या घटनेचा अर्थ ‘सैतानाचा हल्ला’ असा लावला गेला. पुढच्या बुधवारची प्रार्थना रद्द झाली नाही, उलट तिची वेळ वाढवण्यात आली.

ऑगस्टपासून वही सुरू झाली. दोनशे पानी लांब वही, लाल बॉलपेनने आखलेले पाच रकाने: नाव, प्रार्थना किती मिनिटे, वाचलेले अध्याय, उपवास आणि शेवटचा रकाना ‘कबुली’. दर शनिवारी प्रत्येकाने आपली ओळ भरायची आणि चिटणीसाने ती मोठ्याने वाचायची, अशी पद्धत पडली. मी ती वही पाहिली आहे. पहिल्या काही पानांवर अक्षरे निरनिराळी आहेत. पुढे पुढे प्रार्थनेची मिनिटे सर्वांचीच साठच्या वर जातात, आकडे गोल होत जातात आणि ‘कबुली’च्या रकान्यात रील्स, राग, आळस हेच तीन शब्द फिरून फिरून येतात. प्रार्थनेची मिनिटे मोजून ती चारचौघांत वाचली की मुले देवासाठी कमी आणि वहीसाठी अधिक प्रार्थना करू लागतात. प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दार लावून प्रार्थना करण्यास आणि उपवास करताना डोक्याला तेल लावून तोंड धुण्यास सांगितले, ते नेमके याच धोक्यासाठी.

ऑक्टोबरमध्ये संघातल्या एका मुलीने त्या रकान्यात तीनच शब्द नव्हे, खरे लिहिले. घरी वडील दारू पिऊन मारहाण करतात, तिला त्यांचा तिरस्कार वाटतो आणि आधारासाठी मंडळीबाहेरच्या एका मुलाशी ती बोलत असते, असे तिने चार ओळींत लिहिले. ‘हे वाचू नये’ असेही तिने कडेला लिहिले होते. चिटणीसाने ते वाचले. त्याचे म्हणणे असे की, अंधारातले प्रकाशात आणल्यावाचून बरे होणे नाही आणि सर्वांनी मिळून प्रार्थना केली तर साखळ्या तुटतील. तिच्यावर हात ठेवून अर्धा तास प्रार्थना झाली. रविवारच्या उपासनेपर्यंत ही गोष्ट मंडळीतल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचली होती. घरी त्या मुलीचे काय झाले असेल, हे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर ती मंडळीत आली नाही.

याच काळात एका सभेत त्याने ‘विश्वासाचे अर्पण’ म्हणून वर्षभर निम्मा पगार सुवार्ताकार्याला देण्याचे वचन लिहून दिले. बहिणीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीची मुदत आली तेव्हा आईने विषय काढला. “आई, प्रभू पुरवील,” तो म्हणाला. “अरे, त्याने तुझ्या हातात पुरवलं होतं की,” आईने एवढेच उत्तर दिले. बहिणीचे ते वर्ष गेले. दिवाळीनंतर त्याने पूर्णवेळ सेवेसाठी कारखान्यात राजीनामा दिला. घरी कळले ते राजीनामा मंजूर झाल्यावर.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या) वेळी तो उभा राहिला आणि ज्या माणसाने दोन वर्षे मंडळीपुढे हिशेब ठेवला नाही, त्याच्या हातून आपण प्याला घेणार नाही, असे त्याने खजिनदारांचे नाव घेऊन सांगितले.

मंडळीचा पहिला प्रतिसाद

त्याच आठवड्यात पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, तातडीची सभा झाली. खांदा मोडलेल्या मुलासाठी सभा झाली नव्हती. त्या मुलीसाठी झाली नव्हती. खजिनदारांचे नाव घेतले गेले तेव्हा झाली. मंडळीने या प्रकरणातून काही शिकायचे असेल तर ते याच जागी शिकायला हवे, असे मला वाटते.

सभेत मते पडली ती अशी: पदावरून काढावे, संघ काही काळ बंद ठेवावा, लेखी माफी घ्यावी. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, “वय आहे त्याचं. लग्न लावून द्या, आपोआप शांत होईल.” हे सर्व उपाय आवेश कमी करण्याचे होते. त्याला यथार्थ ज्ञान द्यावे, असे कोणी म्हटले नाही. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आपल्या बांधवांविषयी सांगतो की, त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती ज्ञानाला अनुसरून नाही. तेथे तो आस्थेबद्दल त्यांना दोष देत नाही. त्याचे दुःख ज्ञानाच्या अभावाचे आहे, आणि हे लिहिणारा पौल स्वतः त्याच रोगातून उठलेला होता. फिलिप्पैकरांस लिहिताना आपल्या आस्थेचा पुरावा म्हणून तो पूर्वी आपण केलेल्या मंडळीच्या छळाचाच उल्लेख करतो.

गुरुवारच्या बैठका

शेवटी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी त्याला आपल्याकडे सोपवण्याची विनंती केली. बाईंनी त्याला संडे स्कूलमध्ये शिकवले होते. यजमान बँकेत हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेले गृहस्थ. दर गुरुवारी संध्याकाळी त्याने त्यांच्या घरी यावे, असे ठरले.

पहिल्याच दिवशी त्याने दारातच विचारले, “बाई, मला समजवायला बोलावलंय का?”

“नाही रे. जेवायला बोलावलंय. नंतर एक अध्याय वाचू.”

त्या दिवशी अध्याय वाचून झाला नाही. जेवल्यावर तो बसल्या जागी झोपला आणि त्यांनी त्याला उठवले नाही. त्याचे वजन उतरले होते, डोळे खोल गेले होते, कित्येक महिने तो रात्री तीन-चार तासच झोपत होता. पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, मी परमेश्वरासाठी फार ईर्ष्यावान होतो आणि आता मीच एकटा उरलो आहे, असे म्हणणाऱ्या एलीयाला देवाने आधी दोनदा भाकर आणि झोप दिली आणि मग त्याच्याशी संभाषण केले. शिष्यत्वाच्या वर्गांत हा क्रम आपण फार थोडा शिकवतो. आवेशाने थकलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्या बाईंना कोणत्याही वर्गावाचून ठाऊक होते.

पुढच्या गुरुवारी त्यांनी शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढला. इस्राएलाचा सेनानायक इफ्ताह अम्मोन्यांशी लढायला जाताना नवस करतो की, मी विजयी होऊन परतलो तर घराच्या दारातून जे पहिल्याने मला भेटायला बाहेर येईल ते परमेश्वराचे होईल आणि मी त्याचे होमार्पण करीन. डफ वाजवीत त्याची एकुलती एक मुलगी बाहेर येते.

“नवस कोणी केला?” बाईंनी विचारले.

“इफ्ताहाने.”

“आणि फेडला कोणी?”

तो काही बोलला नाही. यजमानांनी लेवीय पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय उघडून त्याच्यापुढे ठेवला. नवस केलेल्या माणसाला ठरावीक मोल देऊन सोडवण्याची तरतूद मोशेच्या नियमशास्त्रात तेथे दिलेली आहे. पाच ते वीस वर्षांच्या मुलीसाठी दहा शेकेल रुपे. शिवाय पोटच्या मुलांना अग्नीत अर्पिण्याची परमेश्वराला किळस आहे, असे अनुवाद या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. इफ्ताहाचा आवेश प्रामाणिक होता. ज्या देवासाठी तो पेटला होता त्या देवाचे म्हणणे काय, हे त्याने विचारले नाही, त्याच्या भोवतालच्या कोणी सांगितले नाही, आणि ‘दिलेला शब्द मागे घेता येत नाही’ या एका वाक्यावर मुलीचे आयुष्य संपले.

तरुण सहजासहजी वळला नाही आणि त्याचे मला बरेच वाटते. तिसऱ्या गुरुवारी तो लूकच्या शुभवर्तमानात खुणा करून आला. जो आपल्या आईबापांचा द्वेष करीत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, हे चौदाव्या अध्यायातले वचन. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याबद्दलचे नवव्या अध्यायातले वचन. “बाई, हे खोटं आहे का? की तुम्हाला ते सोयीचं नाही?” त्याने विचारले.

हा प्रश्न खरा आहे आणि आपण त्याला बगल देतो म्हणून अशा तरुणांचा आपल्यावरचा विश्वास उडतो. प्रभू खरोखरच सर्वस्व मागतो. बाईंनी ती वचने मवाळ केली नाहीत. त्यांनी त्याला मार्काच्या पहिल्या अध्यायाकडे नेले. याकोब आणि योहान बाप जब्दी याला तारवात सोडून येशूच्या मागे गेले, पण मार्क तेथे दोन शब्द अधिक लिहितो: जब्दी मजुरांबरोबर होता. म्हातारा बाप एकटा जाळी ओढत राहिला नाही. त्याच अध्यायात, शिमोनाने जाळी सोडल्यावर थोड्याच वेळात, येशू त्याच्या सासूच्या अंथरुणापाशी उभा राहून तिचा ताप घालवतो. वधस्तंभावर असताना तो आपल्या आईची सोय लावतो. आणि मार्काच्याच सातव्या अध्यायात, आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना तो इतक्या कठोर शब्दांत फटकारतो की, देवासाठी म्हणून घरच्यांचे तोडणे हा त्याच्या दृष्टीने देवाच्या आज्ञेचा भंग ठरतो. शिष्याने स्वतःचे काय द्यावे याला सीमा नाही. दुसऱ्याचे काय द्यावे, याला मात्र सीमा आहे.

त्यानंतर यजमानांनी एक काम सांगितले. वहीचे एक कोरे पान घेऊन त्यावर दोनच रकाने आखायचे: आपण देवासाठी काय केले, आणि ते कोणाच्या खिशातून गेले. त्याला ते पान भरायला दोन आठवडे लागले. निम्म्या पगाराच्या समोर बहिणीचे वर्ष लिहिले गेले, बुधवारच्या रात्रींसमोर मित्राचा खांदा आणि राजीनाम्यासमोर वडिलांचे निवृत्तिवेतन, कारण घराचा हप्ता आता त्यातून जात होता. ‘साखळ्या तुटल्या’ असे त्याने ऑक्टोबरमध्ये ज्याबद्दल सांगितले होते, त्या ओळीसमोर त्याने त्या मुलीचे नाव लिहिले आणि मग ते खोडून जागा रिकामी ठेवली.

पवित्र शास्त्रातले चुकलेल्या आवेशाचे बहुतेक प्रसंग या कसोटीवर घासून पाहता येतात. शोमरोनी गावाने उतरायला जागा दिली नाही तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागतात: जळणार होते ते गावकरी. गेथशेमाने बागेत पेत्र तरवार उपसतो: कान तुटला तो मल्खाचा, म्हणजे प्रमुख याजकाच्या एका दासाचा, आणि लूक सांगतो की येशूने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. उलट जेथे आवेशाला ज्ञानाची जोड मिळाली तेथे तो विझला नाही. अपुल्लोस आत्म्याने आवेशी होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभास्थानात टोकले नाही. त्याला आपल्याजवळ घेऊन त्यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला आणि पुढे तोच अपुल्लोस अखया प्रांतातल्या विश्वासणाऱ्यांना मोठे साहाय्य करणारा ठरला.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही हे दोन्ही प्रकार आहेत. कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ मधला बाप्तिस्मा मी ईश्वरी कृपा मानतो, पण त्या पावलाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कित्येक वर्षांच्या विरहात आणि अपमानात मोजली, ही गोष्ट आपण त्यांच्या नावाने प्रवचने करताना गाळतो. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या पावलांनी. पंडिता रमाबाईंचा आवेश टिळकांच्याहून तिळभरही कमी नव्हता. १८९० मध्ये शारदा सदन ही त्यांची विधवा आणि मुलींसाठीची शाळा पुण्यात आली, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या गेल्या, १९०५ मध्ये तेथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. पण केडगावच्या त्या आश्रमात, मुक्तीत, प्रार्थनेच्या जोडीला शेत होते, छापखाना होता, मुलींच्या हाताला शिकवलेले काम होते. पवित्र शास्त्राचे भाषांतर करायचे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मरणाच्या दारापर्यंत त्या कामात राहिल्या. जळायचे ते स्वतः जळायचे आणि आपल्या आश्रयाला आलेल्याला चटका लागू द्यायचा नाही, ही त्यांची रीत होती. तरुण संघाला रमाबाईंचे नाव द्यायला आपण तत्पर असतो. ही रीतही मुलांना सांगायला हवी.

सद्यस्थिती

पहाटेची प्रार्थना चालू आहे. तिला आता हजेरी नाही आणि पाळी असलेल्याने येऊ नये, असे सांगितलेले आहे. बुधवारची रात्र महिन्यातून एकदा आणि ती साडेदहाला संपते. शनिवारची वही बंद झाली. कोणाला पापाची कबुली द्यायची असल्यास पाळकसाहेब किंवा दोन नेमलेल्या ज्येष्ठ भगिनी यांच्यापाशी एकट्याने द्यावी, आणि कोणाचा अपराध दिसला तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी एकांतात सांगावे, असा नियम झाला. हा अध्याय मंडळीत पूर्वीपासून वाचला जात होताच.

खजिनदारांचा हिशेब जानेवारीच्या वार्षिक सभेत वाचला गेला. त्यात गैर काही नव्हते, पण दोन वर्षे तो मांडला गेला नव्हता हेही खरे होते. प्रभुभोजनात नाव घेणे चूक होते, हिशेब मागणे चूक नव्हते, हे पाळकसाहेबांनी त्याच सभेत सर्वांसमोर सांगितले. त्या तरुणाला मंडळीकडून न्याय मिळाल्याचा हा पहिला प्रसंग होता आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या बदलात गुरुवारच्या बैठकांइतकाच या वाक्याचाही वाटा आहे.

जुनी नोकरी परत मिळाली नाही. चाकणला ठेकेदाराकडे त्याला कमी पगारावर काम मिळाले. बहिणीला त्याच वर्गात एक वर्षाने पुन्हा प्रवेश मिळाला आणि फी तो हप्त्याने भरत आहे. अर्पणाचे वचनपत्र आयोजकांनी, थोडी खळखळ करून, परत केले. त्याला ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घ्यायचे आहे. बहिणीचे शिक्षण पूर्ण झाल्यावर कमिटी त्याची शिफारस करणार आहे, आणि तोवर तो बाईंच्या हाताखाली संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग घेतो. कमिटी धाडस करत नाही, असे त्याचे मत अजून आहे आणि ते अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

त्या मुलीची माफी उपासनेत सर्वांसमोर मागण्याची त्याची इच्छा होती. बाईंनी ठाम नकार दिला, कारण तसे केल्याने तिचे नाव पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी गेले असते. त्याने बंद पाकिटात पत्र लिहिले आणि बाईंनी ते तिच्या आईच्या हाती दिले. ती आता शहरातल्या दुसऱ्या मंडळीत जाते. तिचे उत्तर आलेले नाही, आणि ते मागायला, तिची समजूत घालायला किंवा तिला परत आणायला मंडळीतून कोणीही तिच्या घरी जाऊ नये, असा ठराव कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवलेला आहे. वडिलांच्या मारहाणीच्या बाबतीत तिला आणि तिच्या आईला मदत हवी असेल तेव्हा कोणाला फोन करायचा, ते दोन ज्येष्ठ भगिनींनी त्यांना सांगून ठेवले आहे.